पाठ टेकल्यावर

तुर्भ्याला बाजाराच्या मागच्या अंगाला गोण्या उचलणाऱ्या माणसांची वस्ती आहे. शहाण्णव साली तिथं एक पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये लाल मातीचा हौदा. ती माती हौसेराव वस्तादांनी आणलेली. गावाकडं गेले की परतीच्या ट्रकमध्ये कांद्याच्या गोण्यांवर चार पोती माती टाकून यायचे. अकरा वर्षं त्यांनी तीत ताक, तेल, हळद आणि कापूर मुरवला होता. वस्तीतली माणसं सकाळी बाजारात पाठीवर पोतं घ्यायची, संध्याकाळी अंगाला माती लावायची आणि सप्ताह आला की हीच मंडळी हातात टाळ घेऊन कीर्तनाला उभी राहायची. हौसेराव तर कीर्तनात बुवांच्या उजव्या हाताला, पहिले टाळकरी.

त्या शेडवर निशांतचा डोळा होता.

निशांत नेरुळच्या सोसायटीतला. कॉलेजात ज्युडो खेळला होता. मग मामेभावानं परदेशातून दोन-तीन व्हिडिओ कॅसेट आणल्या. त्यात जाळीच्या पिंजऱ्यात दोन माणसं सोडायचे आणि एक जण हार मानेपर्यंत कुणी मध्ये पडायचं नाही. त्या कॅसेट पाहून पाहून निशांतनं सोसायटीच्या गच्चीवर क्लास काढला. वरच्या मजल्यावरच्यांनी धपाधप आवाजाची तक्रार केली, तसा क्लास बंद झाला. पोरं चाळीस आणि जागा नाही. त्यातली सात पोरं तर हौसेरावांच्याच तालमीतून गेलेली.

एका दुपारी तो शेडमध्ये आला आणि बुटांसकट हौद्याच्या कडेला उभा राहिला.

"बूट," हौसेराव म्हणाले.

त्यानं बूट काढले. "काका, ही माती काढून इथे मॅट टाकली ना, तर पन्नास पोरं आरामात बसतील."

"पोरं बसायला शाळा हाय की पलीकडं."

मारोती जोर मारत होता, तो मध्येच थांबून हसला. मारोती तालमीतला पहिला गडी. एकोणतीस वर्षांचा, बाजारात शंभर किलोचं पोतं एका दमात पाठीवर घेणारा.

"तू शिकवतोस तरी काय नेमकं?" हौसेरावांनी विचारलं.

"फ्री फाइट. कुस्ती, ज्युडो, बॉक्सिंग, सगळं मिक्स. रूल्स नाहीत."

"रूल न्हाईत म्हंजे भांडण की रं. ते आमच्या नळावर रोज असतंय. बाया फी घेत न्हाईत त्याची."

पोरं खिदळली. निशांतचे कान लाल झाले. "हसा काका. पण तुमची सात पोरं माझ्याकडे येतात. मी बोलवायला आलो नव्हतो. त्यांनाच कळलं, रस्त्यावर कोणी लाल माती अंथरून थांबत नाही."

"ती सात गेली म्हणून बरं झालं. जोर मारताना मोजायचीबी चोरून."

"आणि हा?" निशांतनं मारोतीकडं हनुवटी केली. "याला माझ्यासमोर तीन मिनिटं उभा करा. मग बोलू."

मारोती उठला, तसा हौसेरावांनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागं सारलं. पण शब्द गेला तो गेलाच.

शेड उत्सव मंडळाची होती आणि मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब. रावसाहेबांना गर्दीची फार आवड. निशांतनं त्यांच्याकडं जागेचा अर्ज दिला होता, तो त्यांनी दोन महिने खिशात ठेवला आणि मग एके दिवशी दोघांना बोलावून सांगितलं, "हनुमान जयंतीला सप्ताह संपतो. काल्याचं कीर्तन झालं, पंगती उठल्या की चार वाजता एकच कुस्ती. मारोती आणि हा. मारोती जिंकला तर ह्यानं पुन्हा इकडं फिरकायचं नाही. हा जिंकला तर माती काढायची आणि शेड ह्याची. नियम तुम्ही दोघं ठरवा, मला त्यातलं कळत नाही."

हौसेरावांनी एका शब्दानं हो म्हटलं. मारोती हरेल हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही. अकरा वर्षांची माती त्यांनी त्या एका शब्दावर लावली.

*

सप्ताहाच्या सहाव्या दिवशी निशांत मंडपात आला. कीर्तन उभं राहायला दहाएक मिनिटं होती. पखवाजवाला डाव्या पुडीला कणीक लावत होता. हौसेरावांच्या गळ्यात टाळ होते.

"काका, पाच मिनिटं. फाइटचं ठरवायचं आहे."

"आत्ताच सुचलं व्हय? बोल लवकर."

निशांतनं वहीचं पान काढलं. "चावायचं नाही. डोळ्यात बोट नाही. कमरेखाली मारायचं नाही. बाकी सगळं चालेल."

"बरं."

"पंच नाही. थांबवायचं ते हरणाऱ्यानंच. तो बस म्हणाला की संपलं."

"बरं, बरं."

"आणि मेन म्हणजे, पाठ टेकली तरी फाइट चालूच राहणार."

हौसेरावांनी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. "पाठ टेकल्यावर काय राहतंय लढायला?"

"मी लढतो काका. मला पाठीवरूनच जास्त चांगलं जमतं."

हौसेराव मोठ्यानं हसले. पखवाजवालाही हसला, पण तो कशाला हसला ते त्यालाच ठाऊक. "झुरळबी तसंच लढतंय, उताणं पडून. चालंल."

"काका, जोक नाही. मारोतीला नक्की सांगा."

"सांगतो की. जा, बुंदी घिऊन जा."

निशांतनं बुंदी घेतली नाही. तो गेला आणि चांगदेवबुवा उभे राहिले.

बुवा सत्तरीचे, काठीसारखे वाळलेले, पण आवाज असा की मांडवाच्या शेवटच्या बांबूपर्यंत पोचायचा. त्या दिवशी त्यांनी निरूपणाला श्रवण हा विषय घेतला होता. म्हणाले, "देवानं कानाला झाकण दिलं नाही. डोळ्याला दिलं, तोंडाला दिलं, कानाला नाही. मग आपण काय केलं? आपण झाकण आत बसवलं. हवं ते आत घेतो आणि नको ते दारातच उभं ठेवतो. आणि वर म्हणतो, मला कुणी सांगितलंच नाही." सगळा मांडव हसला. हौसेरावांच्या डोळ्यांना नेहमीप्रमाणं पाणी आलं. हे निशांतनं ऐकायला हवं होतं, असं त्यांना मनापासून वाटलं.

त्यांनी मारोतीला सांगितलं नाही.

विसरले असं म्हणावं तर तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मारोतीच्या खांद्यांना तेल लावताना त्यांच्या जिभेवर आलं होतं. चावायचं नाही, डोळ्यात बोट नाही, कमरेखाली नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. ते नियम. पण पाठ टेकणं हा त्यांच्या लेखी नियम नव्हताच, तीच तर कुस्ती. दिवस मावळला की मावळला, तशी पाठ टेकली की टेकली. आणि सांगितलं असतं, तर मारोतीनं सरळ विचारलं असतं, वस्ताद, मग जिंकायचं कवा? त्याला काय सांगायचं हे हौसेरावांना ठाऊक नव्हतं. आधी गावात आणि मग इथं, चाळीस वर्षं शिकवणाऱ्याला शिष्यासमोर गप्प बसायचं नव्हतं. त्यांनी तेल लावलं आणि पाठीवर थाप दिली.

*

जयंतीला शेडचे तिन्ही बाजूंचे पत्रे काढले होते. बाजारातली माणसं, तुर्भे गावातली माणसं, निशांतची चाळीस पोरं, सगळी हौद्याभोवती दाटली. हलगी कडाडत होती. चांगदेवबुवांना कडेला खुर्ची दिली होती, गळ्यातला हार अजून तसाच.

मारोतीनं मातीला हात लावून कपाळाला लावला आणि रीतीप्रमाणं मूठभर माती निशांतच्या अंगावर टाकली. निशांतनं ती झटकली. एवढ्यानंच निम्मी गर्दी खवळली.

"अंगाला माती लागली तर आई मारंल काय रं?" कुणीतरी ओरडलं.

"याची आय साबन लावून पाठवते याला," गावातला एक म्हातारा म्हणाला. "हात बघ, नाजूक हाय बिचारा."

निशांत हात छातीशी धरून फिरू लागला. एकदम त्यानं मारोतीच्या मांडीवर लाथ घातली. कुस्तीत लाथ? मारोतीनं वस्तादांकडं पाहिलं. हौसेरावांनी मान हलवली, चालू दे. दुसरी लाथ बसली, तिसरी बसली. मांडीवर लाल पट्टे उठले. चौथ्या लाथेची मारोती वाटच पाहत होता. पाय हवेत असतानाच तो खाली घुसला, दुसरा पाय ओढला आणि निशांतला उचलून असा आपटला की कडेच्या माणसांच्या धोतरावर माती उडाली. निशांत कुशीवर वळून निसटला. उठतो न उठतो तोच मारोतीनं त्याची मान आणि दंड धरून त्याला कंबरेवरून फेकला. तो सरळ उताणा. दोन्ही खांदे मातीत. वर मारोतीची छाती.

"टेकली रं पाठ! झाला याचा!"

हलगी बेभान झाली. टोप्या उडाल्या. हौसेरावांनी डोळे मिटून हात जोडले.

मारोतीनं पकड सोडली. तो गुडघ्यावर उठला, गर्दीकडं पाहून हसला आणि मग, अठरा वर्षांचा असल्यापासून तालमीत शिकला होता तसं, खाली पडलेल्याला उठवायला त्यानं उजवा हात पुढं केला.

निशांतनं तो हात धरला. दोन्ही हातांनी धरला आणि खाली खेचला. त्याचे पाय सापासारखे वर आले. एक मारोतीच्या छातीवर पडला, एक मानेवर. मारोती कुशीवर कोसळला आणि त्याचा हात निशांतच्या मांड्यांमध्ये ताठ अडकला, कोपर उलट्या बाजूला.

"बस म्हण," निशांत ओरडला. "बस म्हण, सोडतो!"

हे काय चाललं आहे तेच मारोतीला कळेना. तो जिंकला होता. जिंकलेला माणूस बस कशाला म्हणेल? त्यानं दात आवळले आणि हात ओढायला जोर लावला. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. हलगी बंद पडली.

*

निशांतनं लगेच हात सोडला आणि तो मागं सरकला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मी बोललो होतो त्याला, बस म्हण म्हणून."

"दगा! हात दिला त्याचा हात मोडला!"

माणसं हौद्यात उतरली. निशांतची पोरं पुढं येऊ लागली, तशी बाजारातली माणसं आडवी झाली. त्यांच्यापुढं त्या पोरांचा पाड लागेना. रावसाहेबांनी निशांतची मानगूट धरली. "पाठ टेकल्यावर हात घातलास? लाज वाटत नाही?"

"पाठ टेकली तरी चालू, असं ठरलं होतं. काकांना विचारा." निशांतनं हौसेरावांकडं पाहिलं. "काका, सांगितलं होतं ना तुम्हाला? मंडपात? बोला ना."

सगळे वळले. मारोतीही वळला. तो मातीत पडून हात पोटाशी धरून होता आणि त्याच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता.

हौसेरावांना हौदा दिसला. अकरा वर्षं दिसली. नाही म्हटलं की माती राहणार होती.

"न्हाई," ते म्हणाले. "मला काय सांगितलं न्हाई ह्यानं."

मग काय विचारता. पहिली चप्पल पडली, मग लाथ, मग मोजता येईना. निशांत खाली पडला. आणि हौसेराव बघत होते, तो पोरगा काहीच करत नव्हता. एवढे डाव येणारा, समोर आलेला कुणाचाही हात धरून मोडू शकणारा, पण त्यानं कुणालाच धरलं नाही. डोकं हातांत घेऊन तो पडून राहिला आणि दोन कोपरांच्या फटीतून हौसेरावांकडं बघत राहिला. शिवी नाही, विनवणी नाही. नुसतं बघणं.

चांगदेवबुवा खुर्चीवरून उठले होते.  त्यांनी गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. त्या मंडळाचा हार त्यांना आता गळ्यात नको होता, एवढं हौसेरावांना कळलं.

हौसेराव माणसं बाजूला सारत हौद्यात उतरले आणि निशांतवर पालथे पडले. सगळं अंग त्याच्यावर टाकलं. दोन लाथा त्यांच्या बरगडीत बसल्या, मग मारणाऱ्यांच्या ध्यानात आलं की खाली वस्ताद आहेत.

"सांगितलं हुतं," ते मातीत तोंड असतानाच म्हणाले. मग उठून बसले आणि पुन्हा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ह्यानं मला सांगितलं हुतं. सहाव्या दिशी, मंडपात. पाठ टेकली तरी चालू. मारोतीला सांग, असंबी म्हणाला हुता. मी सांगितलं न्हाई. आन् आत्ता खोटं बोललो."

मारणारे एकेक करून मागं सरकले. रावसाहेबांनी निशांतची मानगूट सोडली होती, तो हात त्यांनी शर्टाला पुसला.

निशांत उठला. ओठ फाटला होता. तो हौसेरावांच्या पुढ्यात थुंकला, नुसतं रक्त. "गुरुवारपर्यंत माती काढा," तो म्हणाला. "माझी मॅट येणार आहे."

*

दवाखान्यात मारोतीच्या बायकोनं, जयमालानं, हौसेरावांना दारातच अडवलं. "सा म्हैने पोतं उचलायचं न्हाई म्हणालेत डाक्टर. तुमी आत येऊ नका, वस्ताद. ह्यांनी काय सांगितलं न्हाई तसं, मीच सांगतीया." ते फिरले. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते चांगदेवबुवांना गाडीत बसवून द्यायला गेले नाहीत.

बुधवारी सकाळी ते फावडं आणि घमेलं घेऊन हौद्यात उतरले. तालमीतलं कुणी आलं नाही. तालमीत उरलेली नऊ पोरंही आता येणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. वरची माती मऊ होती, खालची अकरा वर्षांच्या पायांनी दगड झाली होती. दहापर्यंत निम्मा हौदा उपसून झाला आणि कडेला पोती उभी राहिली. त्या मातीचं पुढं काय करायचं हे त्यांनी ठरवलं नव्हतं.

शेडमध्ये सावली पडली. मारोती आला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"बरं हाय का?" हौसेरावांनी विचारलं.

मारोतीनं चपला काढल्या. तो हौद्यात उतरला. "झोपा," तो म्हणाला.

"काय?"

"पाठ टेकवा. त्यानं काय केलं ते दावतो."

हौसेरावांनी त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि ते उरलेल्या मातीत उताणे झाले. मारोती शेजारी बसला. धड हाताच्या काखेत त्यानं त्यांचा उजवा हात घट्ट दाबला. मग एक पाय त्यांच्या छातीवर टाकला, दुसरा गळ्यावर. आजवर हा माणूस वस्तादांचा पसरलेला पाय ओलांडून गेला नव्हता, वळसा घालून जायचा. आता त्याची टाच त्यांच्या गळ्याला लागली होती. बाहेर हमालांच्या हातगाड्या चालल्या होत्या. कुणी आत पाहिलं असतं तर धावून आलं असतं.

मारोतीनं कंबर वर उचलली. हौसेरावांच्या कोपरातून खांद्यापर्यंत आग गेली.

"दुखतंय?"

"व्हय."

"सोड म्हणा."

हौसेराव पत्र्याकडं बघत राहिले. मारोतीनं आणखी उचललं.

"म्हणा की. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणायचं असतंय ते."

"सोड," हौसेराव म्हणाले. आवाज फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "सोड, मारोती."

मारोतीनं लगेच सोडलं नाही. किती वेळ धरून ठेवलं ते दोघांनाच माहीत. मग त्याचे पाय ढिले पडले. तो बाजूला सरकून बसला, आणि त्याला धाप लागली होती.

हौसेराव उठून बसले. कोपर चोळत राहिले.  मारोती उठायला लागला, तेव्हा ते खाली मान घालूनच म्हणाले, "तुझा अंगठा कुठं हुता तवा? वर का खाली?"

"कवा?"

"त्यानं खेचला तवा."

मारोतीनं प्लास्टरकडं पाहिलं. "वर."

"मी आत्ता खाली वळवायला बघत हुतो. वळंना. पण तू पाय टाकायच्या आधी वळवला असता तर कोपर फिरलं असतं." त्यांनी हात पुढं करून मनगट इकडून तिकडं फिरवून पाहिलं. "ह्याला तोड असणार."

"आता काय उपेग तोडीचा? उद्या मॅट येतीया."

"मॅट यिऊ दे. परत धर."

मारोतीनं त्यांच्याकडं पाहिलं. त्या नजरेत माया नव्हती. "आता बेतानं धरणार न्हाई मी."

"बेतानं धर म्हणून कोण म्हणतंय," हौसेराव म्हणाले, आणि फावडं बाजूला सारून पुन्हा उताणे झाले.